गोळी आधी, चूल मग

माझी खाला होटगी जंक्शनला राहते. गेली काही वर्षे ती पहाटे उठून थायरॉईडची गोळी घेते आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा पीत नाही. मागच्या रमजानमध्ये मात्र तिने गोळ्यांची बाटली कपाटात ठेवून दिली. ईदला गेले, तर चेहरा सुजलेला, आवाज जड झालेला. सोलापूरच्या उन्हात आम्ही घामाघूम, आणि ही म्हणते पंखा बंद करा.

"बेटा, दिवसभर रोजा. सहेरीला जेवण. मग उपाशीपोटी गोळी घ्यायची कधी?"

प्रश्न अगदी रास्त होता. तो रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारला असता तर बरे झाले असते.

सोलापुरात रक्त तपासले. टीएसएच खूप वाढलेला. "थायरॉईड वाढला, तर वर आणखी गोळी कशाला?" असे घरातलेच म्हणू लागले. हा घोटाळा बऱ्याच घरांत होतो. टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की ही ग्रंथी टीएसएच सोडून तिला हाका मारते. काम जितके कमी, तितक्या हाका जास्त. म्हणून अशा रुग्णात आकडा वाढणे म्हणजे हार्मोन कमी पडणे. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, पाळीची गडबड ही सगळी त्याचीच लक्षणे.

गोळीतला थायरॉक्सिन रक्तात निम्मा व्हायला साधारण 7 दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर आकाश कोसळत नाही. पण महिनाभर बंद केली, तर साठा जवळजवळ संपतो.

गोळी गिळण्याची वेळ इफ्तार ते सहेरी यांच्यामध्येच. एक सोय बायकांना आयतीच आहे. सहेरीसाठी घरात सर्वांत आधी आपणच उठतो. उठल्याबरोबर साध्या पाण्याने गोळी घ्यावी आणि मग चूल पेटवावी. भाकरी-सालन होऊन ताटावर बसेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातोच. ते जमत नसेल, तर शेवटच्या खाण्यानंतर 3 तासांनी, झोपताना. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत मात्र 4 तासांचे अंतर हवे. आणि बाटली चुलीजवळच्या फळीवर नको, उष्णतेने औषध बिघडते.

गरोदर भगिनींनी तर गोळी स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नये. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असते, आणि या काळात बहुतेकींना डोस वाढवावा लागतो. रोजा झेपेल की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजाऱ्याने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट दिलेली आहे.

गोळी पुन्हा सुरू केल्यावर टीएसएच लगेच तपासून उपयोग नसतो, 6 ते 8 आठवडे थांबावे लागते. खालाची तपासणी बकरी ईदच्या आठवड्यात झाली. आकडा जागेवर आला होता, आणि पंखाही चालू होता.