स्क्रीन काळी, पण पंखा सुरूच! कॉम्प्युटर 'स्लीप' व्हायला एवढा वेळ का लावतो?

काम संपलं की तुम्ही 'स्लीप'वर क्लिक करता. स्क्रीन लगेच काळी होते, पण कॅबिनेटमधला पंखा फिरतच राहतो आणि डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. अर्धा मिनिट झालं तरी तेच. मग अनेक जण कंटाळून थेट भिंतीवरचं बटण बंद करतात.

घोटाळा होतो तो इथेच. स्क्रीन काळी झाली म्हणजे कॉम्प्युटर झोपला असं नसतं. कदाचित त्याच वेळी तो तुमचं उघडं काम डिस्कवर उतरवून ठेवत असतो.

हा वेळ जातो कुठे?

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क आणि पंखे थांबतात. फक्त रॅमला थोडीशी वीज मिळत राहते. उघड्या फाइल्स रॅममध्येच असतात, म्हणून कॉम्प्युटर जागा केला की काम जिथे थांबलं होतं तिथून सुरू होतं. पण वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं.

लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, डेस्कटॉपला नसतो. म्हणून २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'हायब्रिड स्लीप' ही सोय मिळू लागली. बहुतेक डेस्कटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. यात कॉम्प्युटर झोपण्याआधी रॅममधल्या कामाची एक प्रत डिस्कवर लिहितो. मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू केल्यावर उघडं काम परत मिळतं.

आता हिशेब करू. समजा, ४ जीबी डेटा लिहायचा आहे. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला, तर ४० सेकंद लागतात. सेकंदाला ५०० एमबी लिहिणाऱ्या एसएसडीवर हेच काम ८ सेकंदांत होतं.

आधी उशीर कोणता ते ओळखा

१. स्लीप दाबल्यावर डिस्कचा दिवा जोरात लुकलुकतो आणि काही वेळाने सगळं शांत होतं: हे बहुधा हायब्रिड स्लीप आहे. हा बिघाड नाही.

२. दिवा शांत आहे, पण पंखा बराच वेळ थांबत नाही: एखादं उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर अडला असावा. की-बोर्ड आणि माऊस सोडून प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह असं सगळं काढा आणि पुन्हा स्लीप करून बघा. फरक पडला, तर एकेक वस्तू परत जोडत जा. दोषी आपोआप सापडतो. तरीही फरक नसेल, तर ग्राफिक्स आणि मदरबोर्डचे ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून अपडेट करा.

३. स्लीप दाबलं तर झोपतो, पण ठरवलेल्या वेळेनंतर आपोआप झोपत नाही: कुठला तरी प्रोग्राम त्याला जागं ठेवतोय. ब्राउझरमध्ये सुरू राहिलेला व्हिडिओ हे नेहमीचं कारण. नक्की कोण ते शोधायला 'कमांड प्रॉम्प्ट'वर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. मग 'पॉवर' या इंग्रजी शब्दाला लागून सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करा. एक जागा सोडून तिरकी रेघ द्या, तिला लागून 'रिक्वेस्ट्स' लिहा आणि एंटर दाबा. विंडोजला जागं ठेवणाऱ्यांची यादी समोर येईल.

हायब्रिड स्लीप बंद करावं का?

बंद करणं सोपं आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. सध्याच्या प्लॅनशेजारी 'चेंज प्लॅन सेटिंग्ज' आणि पुढे 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'वर क्लिक करा. 'स्लीप'च्या खाली 'अलाऊ हायब्रिड स्लीप' दिसेल, ते 'ऑफ' करा. हा पर्याय दिसतच नसेल, तर तुमच्या कॉम्प्युटरवर ही सोय सध्या उपलब्ध नाही. मग उशिराचं कारण दुसरीकडे शोधा.

पण 'ऑफ' करण्याआधी तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते आठवा. भारनियमन असेल, पावसाळ्यात तासन्‌तास वीज जात असेल, तर ते ४० सेकंद म्हणजे तुमच्या कामाचा विमा आहे. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी कधीतरी संपतेच. अशा ठिकाणी हायब्रिड स्लीप चालूच ठेवा. घाई होत असेल, तर साध्या हार्ड डिस्कऐवजी विंडोजसाठी एसएसडी बसवणं हा जास्त चांगला उपाय.

वीज क्वचितच जात असेल आणि उठण्याआधी फाइल सेव्ह करायची सवय असेल, तर ते बंद करायला हरकत नाही.

दोन्हीपैकी काहीही निवडा, एक गोष्ट मात्र पाळा. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत आणि पंखा शांत होईपर्यंत भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका. आणि हायब्रिड स्लीप बंद केलं असेल, तर कॉम्प्युटर झोपल्यानंतरही ते बटण चालूच राहू द्या.