पाण्याने भरलेले चाक

जालना शहराच्या जुन्या वस्तीत मस्तगड हा किल्ला आहे. निजाम आसफजहा याच्या आज्ञेवरून काबिलखानाने तो १७२५ साली बांधविला. पूर्वी येथील धान्य, कापूस आणि इतर माल बैलगाड्यांतून येई. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढविणे, हे लोहाराचे मोठ्या कौशल्याचे काम असे. तो धाव गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवी. तापल्यामुळे ती प्रसरण पावे आणि चाकावर सहज बसे. मग तिच्यावर पाणी ओतले, की ती आकुंचन पावून चाकाला घट्ट आवळून धरी.

आता मस्तगडाजवळच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर ये-जा करतात. शहराबाहेर पडले, की कापूस, सोयाबीन आणि मोसंबी यांची काळी जमीन लागते. तेथे नांगरट, वखरणी, पेरणी अशी अनेक कामे ट्रॅक्टर करतो. त्याच्या मागच्या मोठ्या चाकावरचे टायर काढणे व पुन्हा चढविणे, हेही लोहाराच्या कामाइतकेच कौशल्याचे काम आहे. त्यातून त्या चाकात पाणी भरलेले असेल, तर त्या कामाला अधिकच सावधगिरी लागते.

चाकात हवा असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पाणी कशासाठी? ट्रॅक्टर नांगर ओढू लागला, की नांगर त्याला मागे खेचतो. अशा वेळी मागची चाके जमिनीला घट्ट धरून राहिली नाहीत, तर ती जागच्या जागी घसरतात. डिझेल जळते, पण नांगर पुढे सरकत नाही. चाकावरील भार वाढविला, म्हणजे त्याची जमिनीवरील पकड वाढते. याकरिता काही ठिकाणी चाकांना लोखंडी वजने जोडतात, तर काही ठिकाणी टायरमधील ट्यूबमध्ये पाणी भरतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरमध्ये सुमारे दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. म्हणजेच एका चाकावर दीड ते दोन क्विंटल भार वाढतो.

ट्यूब पाण्याने पूर्ण मात्र भरीत नाहीत. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. ट्यूबमध्ये सर्वत्र पाणीच असते, तर चाक खडकावर आदळताच ते दगडासारखे कठीण ठरले असते. म्हणून ट्यूबचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याने भरतात व उरलेल्या जागेत हवा ठेवतात. हे मोजण्याची युक्ती सोपी आहे. चाक फिरवून वॉल्व्ह अगदी वरच्या बाजूस आणतात आणि पाणी वॉल्व्हच्या पातळीपर्यंत चढले, की भरणे थांबवितात. वॉल्व्हच्या वर राहिलेली जागा सुमारे एक-चतुर्थांश असते.

थंड प्रदेशांत हे पाणी हिवाळ्यात गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड हा क्षार मिसळीत आले आहेत. असे पाणी साध्या पाण्याहून जडही असते. पण ट्यूबला भोक पडून ते बाहेर झिरपले, तर लोखंडी रिम झपाट्याने गंजते. मराठवाड्यात पाणी गोठण्याची भीती नसल्यामुळे साधे पाणी पुरते. तथापि साधे पाणीही निर्धोक नव्हे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले, की गंज चढू लागतो. लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्यात लोखंडाचा हा शत्रू परिचयाचाच आहे. वॉल्व्हच्या छिद्राभोवती पाणी झिरपत राहिले किंवा टायर आणि रिम यांच्या मध्ये ओली माती अडकून राहिली, तर रिम आतून कुरतडली जाते. बाहेरून मात्र काही काळ काहीच दिसत नाही. रिमवर तांबूस ओघळ दिसू लागले, म्हणजे चाक उतरवून पाहण्याची वेळ आली असे समजावे.

हे काम अनुभवी कारागीरच करतो व ते ठरावीक क्रमाने करतो. प्रथम ट्रॅक्टर सपाट व कठीण जमिनीवर उभा करून त्याचा ब्रेक लावतात. पुढच्या चाकांना मागून व पुढून लाकडी ओंडके लावतात. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच त्याचे नट थोडे सैल करतात. नंतर जॅकने मागचा आस उचलून त्याच्याखाली भक्कम आधार देतात. केवळ जॅकवर विसंबून कोणीही ट्रॅक्टरखाली हात घालीत नाही. कारण जॅक घसरण्यास एक क्षण पुरतो.

आता पाणी काढावयाचे. पाण्यासह हे चाक अडीच-तीन क्विंटलांच्या घरात जाते. ते तसेच उतरविले आणि कलंडले, तर ते माणसांना सावरता येणार नाही. म्हणून आधी वॉल्व्ह वर आणून आतील दाबलेली हवा हळूहळू सोडतात. मग चाक फिरवून वॉल्व्ह खाली आणतात, तेव्हा पाण्याची धार लागते. काही वेळाने ती थांबते. एखाद्या नवशिक्याला वाटेल, की चाक रिकामे झाले. पण तसे नसते. वॉल्व्ह वर असताना त्याच्या वर जशी एक-चतुर्थांश जागा उरली होती, तशीच ती आता त्याच्या खाली उरते, आणि तिच्यातील पाणी आतच राहते. भरलेल्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे पन्नास-साठ किलो, अजून चाकात असते. वॉल्व्हमधून बारीक नळी तळापर्यंत सोडतात व आत थोडी हवा भरतात. हवेच्या दाबाने उरलेले पाणी नळीवाटे वर चढून बाहेर पडते. त्यानंतरच चाक उतरवून जमिनीवर आडवे करतात.

पुढचे काम टायर आणि रिम एकमेकांपासून सोडविण्याचे. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारांचे कडे गुंफलेले असते. रबर ताणले जाते, पण हे कडे ताणले जात नाही. लोहाराची धाव तापवून मोठी करता येत होती. टायरची कड तशी मोठी करता येत नाही. आणि रिमचा काठ तर तिच्याहून मोठा असतो! मग ती काठावरून बाहेर यावी कशी?

याचे उत्तर रिमच्या आकारातच आहे. रिमच्या मध्यभागी सभोवार एक खोल पन्हळ असते. प्रथम गंजाने चिकटलेली कड दाबून रिमपासून सुटी करतात. मग एका बाजूची कड पायाने दाबून त्या पन्हळीत उतरवितात. त्यामुळे समोरच्या बाजूस तेवढीच कड सैल होते, आणि टायर काढण्याच्या लोखंडी पट्टीने ती थोडी थोडी काठावर चढविता येते. तत्पूर्वी कडेला साबणाचे पाणी लावतात. तेल किंवा ग्रीस लावीत नाहीत, कारण त्याने रबर खराब होते. पन्हळीचे हे मर्म न जाणता कोणी बळ लावू लागला, तर आतील तार तुटते, ट्यूब फाटते किंवा पट्टी उसळून इजा होते.

रिम मोकळी झाली, की तारेच्या ब्रशाने गंज खरवडून ती तपासतात. लोखंड फार पातळ झाले असेल, तर ती रिम बदलणेच इष्ट. लहानशी चीर असल्यास वेल्डिंग करून जोड घासून गुळगुळीत करतात. नाहीतर त्याचा कंगोरा ट्यूबला कापतो. मग गंजरोधक रंग देऊन तो पूर्ण वाळू देतात. येथे एक नियम प्राणासारखा जपावा लागतो : टायर चढविलेल्या रिमवर कधीही वेल्डिंग करू नये. हवा सोडलेली असली, तरीही नाही. उष्णतेने आतील रबरातून ज्वालाग्राही वायू निघतात आणि टायरचा भयंकर स्फोट होऊ शकतो. अशा स्फोटांत अनेक देशांतील कामगारांनी प्राण गमावले आहेत.

टायर पुन्हा चढविताना तीच युक्ती उलट क्रमाने वापरतात. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून, तिच्यात थोडी हवा भरून, चुणी न पडेल अशी ती आत बसवितात. टायरवरील बाणाची दिशा पाहून घेतात. हवा भरताना कारागीर लांब नळी वापरतो व चाकापासून बाजूस उभा राहतो. दाब तो काट्यावर सतत पाहत असतो. अशा टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ एक हजार चौरस इंचांहून अधिक भरते. दर चौरस इंचाला ३० पौंड दाब धरला, तरी त्या बाजूवर १३ टनांहून अधिक जोर पडतो. कड नीट बसत नसेल, तर दाब वाढवीत न जाता हवा सोडून पुन्हा साबणाचे पाणी लावतात. शेवटी चाक ट्रॅक्टरला बसवितात, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतात, वॉल्व्ह वर आणून पाणी भरतात आणि हवेचा दाब ठरावीक प्रमाणात आणतात. काही तास काम झाल्यावर नट पुन्हा तपासतात.

धाव तापविणाऱ्या लोहाराला लोखंडाचा स्वभाव माहीत होता. टायर चढविणाऱ्या कारागिराला पाणी, हवा, रबर आणि लोखंड या चौघांचाही स्वभाव ओळखावा लागतो. चाक उभे असताना आतील भार दिसत नाही आणि दाबही दिसत नाही. जे दिसत नाही, त्याचे भान ठेवून तो प्रत्येक काम त्याच्या वेळी करतो; म्हणूनच तीन क्विंटलांचे चाक दोन माणसांच्या हातून सुखरूप उतरते आणि पुन्हा शेतात उभे राहते.

स्वाध्याय

१. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी का भरतात? ते पूर्ण का भरीत नाहीत?
२. टायरमध्ये १८० लिटर पाणी आहे. वॉल्व्ह खाली आणून धार थांबल्यावर आत सुमारे किती पाणी उरेल?
३. धाव चढविणे आणि टायर चढविणे यांत कोणता फरक आहे?
४. टायर चढविलेल्या रिमवर वेल्डिंग का करू नये?