भुकेचा हिशेब मेंदू ठेवतो

‘तोंडावर ताबा नाही’ हे लठ्ठ माणसाला घरात, लग्नाच्या पंगतीत, कधीकधी दवाखान्यातही ऐकावं लागतं. भूक मनावर घेतलं की आवरते, हा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे, आणि त्याने माणसं फार दुखावली जातात.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधला एक जनुक शोधला. त्यापासून बनणारं संप्रेरक म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशींतून ते रक्तात उतरतं आणि साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देतं. तीन वर्षांनी केंब्रिजमध्ये स्टीफन ओराहिली, सदफ फारुकी आणि सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातली दोन मुलं तपासली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९. जन्मताना दोघंही चारचौघांसारखीच होती. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. मेंदूच्या लेखी ती कायम उपाशी. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू झालं. वर्षभरात १६ किलो वजन उतरलं. हवं तेवढं खायची मुभा असतानाही ती पूर्वीपेक्षा बरंच कमी खाऊ लागली. तिला कुणी शिस्त लावली नव्हती.

हा दोष अतिशय दुर्मीळ आहे, हेही सांगायला हवं. बहुतेक लठ्ठ व्यक्तींमध्ये लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. म्हणून हे इंजेक्शन सरसकट चालत नाही.

‘एकदा वजन उतरवलं की सुटलो’ हा दुसरा गैरसमज. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी काही लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. सरासरी १३ किलोंहून अधिक वजन घटलं. वर्षानंतरही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं, लेप्टिन उतरलेलं होतं, आणि भूक आधीपेक्षा जास्त लागत होती. सेमाग्लूटाइड या इंजेक्शनाचंही तसंच. आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखं काम करून ते भूक शमवतं, पण बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश परत आलं.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दलच्या जाहिराती मात्र विज्ञानाच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. २०१३ मध्ये जुळ्या भावंडांपैकी लठ्ठ भावंडाचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली, हे खरं. सडपातळ माणसांचे जिवाणू लठ्ठ माणसांना देऊन पाहिलेल्या छोट्या चाचण्यांत मात्र वजन फारसं हललं नाही. प्रोबायोटिकच्या बाटलीवर हजारो रुपये घालवण्यापूर्वी एवढं माहीत असावं. घरचं दही दही म्हणून खावं.

मग आपल्या हातात काहीच नाही का? आहे, आणि ते ताटात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. समोर ठेवलेले उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच, आणि पोटभर खायची मोकळीक. पाकीटबंद खाण्यावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले, भरभर खाल्ले, आणि जवळपास एक किलो वाढले. ताज्या जेवणावर तेवढेच उतरले.