झेंडे तिघांचे, गीत एकाचं

ऑक्टोबर २०२३मध्ये हैदराबादच्या उप्पल स्टेडियमवर क्रिकेट विश्वचषकाचे तीन सामने झाले. पाकिस्तान, नेदरलँड्स, न्यूझीलंड आणि श्रीलंका अशा चार देशांची राष्ट्रगीतं तिथं वाजली. भारताचा सामनाच तिथं नव्हता, त्यामुळे ‘जन गण मन’ची पाळी आली नाही. विश्वचषकातली रीत सरळ आहे: सामन्याआधी दोन्ही संघांची गीतं. निकाल लागायचा असतो, तोवर मान दोघांना सारखा.

पदक समारंभात तसं नाही. ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, रौप्य, कांस्य मिळवणाऱ्या तिघांचेही झेंडे वर चढतात, सुवर्णाचा मधोमध आणि उंच. गीत मात्र एकट्या सुवर्णविजेत्याचं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, पण त्या गटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीकडे गेलं, म्हणजे गीताचा मानही जपानचा.

हे गीत ऐन वेळी कुणी गात नाही. संयोजकांकडे प्रत्येक देशाच्या गीताची वाद्यसंगीतातली ध्वनिमुद्रणं आधीच तयार असतात. लंडन २०१२साठी लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं दोनशेहून अधिक गीतं वाजवून ठेवली होती. लांबलचक गीतं त्यासाठी कापावी लागतात. आपलं पूर्ण गीत साधारण ५२ सेकंदांचं, त्यामुळे कात्रीची गरज नाही.

आता हैदराबादच्या बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूचा हिशेब मांडू. २०१४ची जागतिक स्पर्धा, २०१६चं रिओ ऑलिंपिक, २०१८ची जागतिक स्पर्धा: तिन्ही वेळा सिंधूला पदक मिळालं आणि सुवर्ण स्पेनच्या कॅरोलिना मरिननं नेलं. स्पेनच्या गीताला अधिकृत शब्दच नाहीत. विजेतीनं गुणगुणायचं तरी काय? २०१७ला ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत सिंधूला रौप्य आणि सायना नेहवालला कांस्य. एकाच शहरातल्या दोघी पदकविजेत्या, पण सुवर्ण जपानच्या नोझोमी ओकुहाराचं. अखेर २५ ऑगस्ट २०१९ला बासेलच्या जागतिक स्पर्धेत सिंधूनं त्याच ओकुहाराला २१-७, २१-७ असं हरवलं, ‘जन गण मन’ वाजलं आणि तिचे डोळे भरून आले. त्या अश्रूंचं आपल्याकडे फार कौतुक झालं. मला विचाराल तर हरल्यावर दुसऱ्याच्या गीताला ताठ उभं राहणं जास्त कठीण, आणि ते तिनं कितीतरी वेळा केलं.

काही वेळा गीतच बदलतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये रशियन खेळाडूंना स्वतःचं गीत वापरायला बंदी होती, म्हणून चायकोव्हस्कीची पियानोरचना वाजली. तैवानचे बॅडमिंटनपटू ‘चायनीज तैपेई’ या नावानं जिंकतात, तेव्हा त्यांचं ध्वजगीत लागतं. राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंड ‘जेरुसलेम’ लावतं, कारण ‘गॉड सेव्ह द किंग’ सगळ्या ब्रिटनचं.

आणि कधी नुसतीच चुकीची ध्वनिफीत लागते. फेब्रुवारी २०२५मध्ये चॅम्पियन्स करंडकात लाहोरला इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्याआधी क्षणभर ‘जन गण मन’ सुरू झालं आणि लगेच तोडलं गेलं. भारताचे सगळे सामने तेव्हा दुबईत होते.