गाडी मागे ठेवून जाताना

आमच्या कोकणातल्या गावांत वर्षातले दहा महिने झाकून ठेवलेल्या मोटारसायकली घरोघरी दिसतात. मालक आखातात नोकरीला, गाडी फक्त सुटीपुरती. हजला जाणारेही साधारण 40 दिवस घराबाहेर असतात. निघताना बॅगा दहादा तपासल्या जातात, पण पडवीतल्या गाडीकडे कोणी वळून पाहत नाही.

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा असेच झाले. परतला तेव्हा बॅटरी मेलेली, चेन गंजलेली आणि सायलेन्सरमध्ये उंदराने चिंध्या भरलेल्या. पुढच्या वर्षी मेकॅनिकला विचारून त्याने सगळे रीतसर केले. ते आपल्यालाही उपयोगी पडेल.

गाडी धुऊन पूर्ण वाळवावी. चेन साफ करून तिला तेल द्यावे. इंजिनातले जुने ऑइल आधीच बदलावे. वापरलेल्या ऑइलमधली आम्लता आणि ओल आतले भाग खराब करते. टाकी लोखंडी असेल तर ती पेट्रोलने भरून ठेवावी. रिकाम्या जागेत दमट हवा साचून गंज चढतो. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे आत पेट्रोल साचून चिकट होत नाही. बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर काढावी, जोडताना उलट क्रमाने जोडावी. महिन्यातून एकदा ती चार्ज करून घ्यावी. टायरमध्ये पूर्ण हवा भरून गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. सायलेन्सरचे तोंड फडक्याने बंद करावे, आणि त्याची आठवण म्हणून हँडलला लाल चिंधी बांधावी. वर सुती चादर टाकावी. प्लास्टिकखाली पावसाळ्यात ओल कोंडते. टाकी भरलेली असल्याने गाडी चुलीपासून व गॅसपासून लांब हवी. घरच्यांनी आठवड्याला दोन मिनिटे इंजिन सुरू करण्याचा उपयोग नाही. तेवढ्यात ते नीट तापत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी धरते.

भावाने हे सगळे केले. चावी मात्र नेहमीप्रमाणे दारामागच्या खिळ्याला राहिली.

आमचा 15 वर्षांचा पुतण्या एका दुपारी बॅटरीची वायर जोडून गाडी घेऊन निघाला. जुहरची नमाज पढून घरी जाणाऱ्या एका वृद्ध चाचांना त्याने धडक दिली. त्यांचा हात मोडला. गाडीचा विमा दोन महिन्यांपूर्वीच संपला होता. चाचांनी मुलाला माफ केले, दवाखान्याचा खर्च आम्ही भरला. पण त्यांचा तो हात आजही पूर्ण वर जात नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. कायद्याची भीती हवीच, पण त्याहून मोठा प्रश्न हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा आहे. आपल्या निष्काळजीपणाने कोणाचे हाड मोडले, तर त्याचा हिशेब आपल्याच नावावर येतो.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर तवक्कुल करावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपला उंट आज पडवीत चादरीखाली उभा आहे. म्हणून निघण्याआधी विम्याची तारीख पाहावी, मुदत मध्येच संपत असेल तर तो आधीच भरावा, आणि चावी घरातल्या एका जबाबदार माणसाच्या हाती अमानत म्हणून द्यावी. कोणी मागितली तर काय उत्तर द्यायचे, तेही त्याला सांगून ठेवावे.

आता भाऊ निघतो तेव्हा चावी अम्मीच्या कपाटात जाते. पुतण्या 18 वर्षांचा होऊन परवाना काढेपर्यंत ती तिथेच राहील, इन्शाअल्लाह.