घरची कॉफी – लेखांक ७ : डाळ शिजते का?

दळणयंत्रांचा हिशेब या आठवड्यात मांडायचा ठरलं होतं. तो आठवडाभर पुढे गेला आहे. गेल्या लेखांकातली पंपाची यंत्रं वाचून राहुरी तालुक्यातल्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

या वाचकाकडे पंपाचं छोटं एस्प्रेसो यंत्र आहे. पहिले काही महिने कॉफी उत्तम झाली. मग धार बारीक होत गेली, वाफ अडखळू लागली आणि आता पंप नुसता घरघरतो, कपात थेंब थेंब पडतं. मोटर गेली असं समजून ते दुसरं, दुप्पट किमतीचं यंत्र घ्यायला निघाले आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलं आहे की पाणी बोअरचं आहे, पण प्यायला गोड लागतं.

सारं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. नवं यंत्र आणलं तर तेही त्याच वाटेने जाईल, कारण बिघाड बहुधा मोटरचा नाही. यंत्राच्या पोटातली वाट चुन्याने बुजली आहे.

नगर जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांना हे पाणी चांगलं ठाऊक आहे. नव्या घरात राहायला गेलेली बाई पहिल्या आठवड्यातच सांगते, ‘इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही.’ ही तक्रार शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, मग कुकरच्या शिट्ट्या वाढल्या तरी डाळ दाण्यादाण्याने उरते. अंगाला साबण लावला की फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते, गिझरची कॉइल दोन-तीन वर्षांत जाते, या सगळ्यांचं मूळ एकच. ज्या घरात डाळ शिजत नाही, त्या घरात एस्प्रेसो यंत्रही फार दिवस टिकणार नाही. यंत्राच्या खोक्यावर पंपाच्या दाबाचे बार छापलेले असतात. ते वाचण्याआधी ही चौकशी व्हायला हवी.

हे पाणी असं का, याचं उत्तर जमिनीखाली आहे. जिल्ह्याचा बहुतेक सारा पाया साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा, आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. पावसाचं पाणी मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. खडकातली खनिजं त्यात हळूहळू झिजतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. पाऊस भरपूर असला तर ते धुऊन जातात. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात घाटघर-रतनवाडीकडे तसं होतं. पूर्वेकडच्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत मात्र वर्षाला ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर कडक ऊन. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे त्याचीच खूण. प्रवरेच्या कालव्यांखालच्या उसाच्या पट्ट्यात जमिनी खारवट होण्याचा प्रश्नही जुनाच आहे, तिथल्या विहिरींचं पाणी आणखी जड लागतं. बोअर जितकं खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास सहसा लांब.

धरणाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. बारागाव नांदूरच्या मुळा धरणातून नगर शहराला येणारं पाणी किंवा भंडारदऱ्याकडून प्रवरेने खाली येणारं पाणी हे मुख्यतः सह्याद्रीवर पडलेला पाऊस असतो. खडकाच्या पोटात वर्षानुवर्षं न राहिल्यामुळे ते सहसा बोअरपेक्षा हलकं असतं. पण शहरातल्या अनेक सोसायट्यांच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं, आणि उन्हाळ्यात पारनेर-पाथर्डीकडे किंवा संगमनेरच्या पठारावर टँकर सुरू झाला की पाणी कुठल्या विहिरीचं ते दर आठवड्याला बदलू शकतं. म्हणून पाणी एकदाच तपासून भागत नाही. एकदा वैशाखात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासावं.

आता यंत्राच्या आत काय घडतं ते पाहू. विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की मोडतं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, घट्ट होऊन खाली बसतो. एस्प्रेसोला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं, म्हणजे यंत्र दर कपाला चुना बसवण्याचीच क्रिया करत असतं. समजा पाण्याची कठीणता, म्हणजे चुन्याच्या हिशेबात मोजलेलं त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज एक लिटर पाणी यंत्रातून जातं. सगळा चुना बसला असता तर वर्षाला १४६ ग्रॅम झाला असता. पाणी यंत्रात क्षणभरच थांबतं, त्यामुळे सगळा बसत नाही. पण दहावा हिस्सा धरला तरी चौदा-पंधरा ग्रॅम चुना होतो, आणि घरगुती यंत्राच्या थर्मोब्लॉकमधली, म्हणजे पाणी तापवणाऱ्या ठोकळ्यातली, पाण्याची वाट असते काही मिलिमीटरची. त्यातच झडप असते. तिच्या बारीक भोकात चुन्याची एक कपची अडकली तरी यंत्र बंद पडतं.

दुधाच्या या जिल्ह्यात त्यावर आणखी एक भर पडते. संगमनेरच्या ‘राजहंस’पासून गावोगावच्या संकलन केंद्रांपर्यंत दूध इथे दारात आहे, त्यामुळे घरी यंत्र आणणाऱ्याचा ओढा काळ्या एस्प्रेसोपेक्षा फेसाळ कापुचिनोकडे असतो. फेसाला वाफ लागते. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी; क्षार सगळेच्या सगळे मागे उरतात. कॉफीचं पाणी निदान आपल्याबरोबर बरेचसे क्षार कपात घेऊन जातं, वाफ काहीच नेत नाही. म्हणून रोज चार कप दूध फेसाळणाऱ्या घरातलं यंत्र, रोज चार एस्प्रेसो काढणाऱ्या घरातल्या यंत्रापेक्षा लवकर चोंदतं. या वाचकाच्या यंत्राची वाफ अडखळली, यात नवल नाही.

मग सगळे क्षार काढून टाकावेत का? इथे गोष्ट रंगतदार होते. कारण क्षार नसतील तर कॉफीच नीट होत नाही.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्याच गावात कॉफीचं दुकान चालवणारा मॅक्सवेल कोलोना-डॅशवुड यांनी २०१४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाण्यातले धन आयन कॉफीतल्या स्वादाच्या रेणूंना कसे पकडतात, याची त्यांनी संगणकावर आकडेमोड केली. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे रेणू पुडीतून बाहेर काढायला मदत करतात, सोडियमचा उपयोग फारसा नाही. बायकार्बोनेट मात्र उलट काम करतं. ते कॉफीतली फळांसारखी आंबूस चव मारून टाकतं आणि कप मातकट, बोथट लागतो. म्हणजे पाण्यात क्षार किती, एवढंच विचारून पुरत नाही. कोणते, हेही विचारावं लागतं. स्पेशालिटी कॉफीच्या जागतिक संघटनेने साधारण लिटरमागे ५० ते १७५ मिलिग्रॅम कठीणता आणि ४० ते ७० मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, ही कॉफीला मानवणारी पट्टी धरली आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणतेची इष्ट मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणून ‘प्यायला गोड’ असलेलं, आरोग्याला पूर्ण योग्य असलेलं पाणीही यंत्राला घातक ठरू शकतं.

दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ घातलं की पाण्याचा दोष झाकला जातो, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न जिभेला फारसा जाणवला नाही. बिनदुधाचं पेय घेणाऱ्याला मात्र काहीच लपत नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्यात अशा एका रसिकाने जवळपास पावणेतीन वर्षं काढली. मौलाना अबुल कलाम आझाद यांना ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या इतर नेत्यांबरोबर या किल्ल्यात ठेवलं गेलं. पहाटे सगळे झोपलेले असताना ते उठत, स्वतःच्या हाताने चिनी चहा करत आणि मित्राला उद्देशून पत्रं लिहीत. ती कधीच टपालात पडली नाहीत. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यात चहावर त्यांनी मन लावून लिहिलं आहे. दूध घातलेल्या पेयाला ते चहाच मानत नसत. त्यांचा आवडता ‘व्हाइट जस्मिन’ पुरवून पुरवून वापरत. साखर स्वच्छ हवी, हाही त्यांचा आग्रह. ज्याला पेयाची मूळ चव हवी, तो दुधाआधी पाण्याकडे वळतो. काळी कॉफी प्यायला शिकणाऱ्या प्रत्येक घरात हेच घडताना दिसतं.

तर पाणी मोजायचं कसं? पेनासारखा टीडीएस मीटर हल्ली बऱ्याच घरांत असतो, पण तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. त्यातले क्षार मिठाचे की चुन्याचे, हे त्याला कळत नाही. कठीणता आणि अल्कता वेगळी तपासावी लागते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना पाणी तपासणीचे संच, म्हणजे एफटीके, दिले गेले आहेत आणि गावातल्या महिलांना ते वापरायचं प्रशिक्षणही दिलेलं आहे. कठीणता आणि अल्कता या दोन्ही तपासण्या त्यात असतात. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर काम गावातच होतं. शहरात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटली द्यावी. काही यंत्रांच्या खोक्यात कागदाची तपासपट्टीही असते. बहुतेक जण ती न वापरताच फेकतात, आणि यंत्र कधी साफ करायचं हे सांगणारा दिवा कारखान्यात ठरवलेल्या आकड्यावरच राहतो.

उपायांत पहिलं नाव येतं आरओचं. आरओचं पाणी यंत्राला चुन्यापासून वाचवतं, पण फारच पोकळ झालं तर कॉफी बेचव होते, आणि ज्या बॉयलरमधली पातळी विद्युतसंवेदक पाहतो त्याला इतकं शुद्ध पाणी कधी कधी दिसतच नाही. मधला मार्ग सोपा आहे. समजा आरओच्या पाण्याची कठीणता २० आणि अल्कता १५ आहे. बोअरची ४२० आणि ३००. चार भाग आरओ आणि एक भाग बोअर मिसळलं की कठीणता १०० आणि अल्कता ७२ होते. दोन्ही आकडे कॉफीच्या पट्टीत किंवा तिच्या अगदी काठावर. बोअरचं पाणी पिण्यायोग्य असल्याची खात्री मात्र आधी हवी. शुद्धीकरण यंत्राला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तंत्रज्ञाकडून तो फिरवून घेतला तरी हेच साधतं.

बंगल्याच्या गच्चीवर बसवतात तो मिठाचा सॉफ्टनर आंघोळीला आणि गिझरला उत्तम, कॉफीला नाही. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. यंत्र वाचतं, पण बायकार्बोनेट जसंच्या तसं राहतं आणि कप बोथटच लागतो.

आता निवड. कठीणता २०० च्या आत असेल, किंवा वर सांगितल्यासारखं मिश्रण रोज करायची तयारी असेल, तर मागच्या लेखांकातलं कोणतंही पंपाचं यंत्र घ्यावं. पाणी जड आहे आणि रोजची मिसळामिसळ होणार नाही, अशा घरात उघडता येणारं, हात घालून घासता येणारं साधन घ्यावं: स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर, मोका पॉट, एअरोप्रेस किंवा फ्रेंच प्रेस. यांतल्या बहुतेकांना पाणी बाहेर पातेल्यात तापवून मिळतं, त्यामुळे चुना पातेल्याला बसतो. फेसाची हौस असेल तर हाताने चालणारा किंवा बॅटरीवरचा फेसणीदांडा आहेच. सर्वांत जास्त जपावं लागतं ते दाणे दळण्यापासून फेसापर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या स्वयंचलित यंत्राला. त्याच्या आत वाटा जास्त, झडपा जास्त आणि घरी उघडता येण्यासारखं कमी. असं यंत्र बोअरवर चालवायचं असेल तर पाण्याची सोय आधी आणि यंत्र नंतर विकत घ्यावं.

राहुरीच्या वाचकाने जुनं यंत्र टाकायची घाई करू नये. लिटरभर कोमट पाण्यात सुमारे २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, विरघळवून टाकीत भरावं. थोडं पाणी कॉफीच्या तोंडातून आणि थोडं वाफेच्या नळीतून काढावं, पंधरा-वीस मिनिटं यंत्र बंद ठेवावं, मग उरलेलं हळूहळू काढावं. पाणी गढूळ निघालं तर चुना सुटतो आहे असं समजावं आणि पुन्हा एकदा करावं. शेवटी साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या काढून आंबटपणा धुऊन टाकावा. द्रावण उकळतं वापरू नये आणि प्रमाण वाढवू नये, कारण सायट्रेटचा वेगळाच साका धरू शकतो. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आम्ल जास्त वेळ आत ठेवू नये. माहितीपुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. धार परत आली तर मोटर शाबूत होती हे आपोआप कळेल, आणि नव्या यंत्राचे पैसे पुढच्या लेखांकातल्या वस्तूसाठी उरतील.

ती वस्तू म्हणजे दळणयंत्र. पात्याचं की चक्कीचं, हाताचं की विजेचं, आणि वाटण-घाटणाच्या मिक्सरवर कॉफी का दळू नये, हे सगळं पुढच्या आठवड्यात. म्हशीच्या आणि गायीच्या दुधाचा फेस वेगळा का होतो, असंही श्रीगोंद्याहून विचारलं गेलं आहे. त्याला स्वतंत्र लेखांक लागेल.