विजेत्या बैलाची नक्कल

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडाभोवती माणसं जमली, की एक प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या वळूचा?" वळूचे गुण वासरात उतरतात, यावर शेतकऱ्याचा भरवसा आहे. पण बैल खच्ची केला की त्याचा वंश तिथंच थांबतो.

अमेरिकेत यावर तोड निघाली. आयोवा राज्याच्या जत्रेत २००८ साली 'वेड' नावाचा खच्ची केलेला गोऱ्हा पहिला आला. (नाव ऐकून हसू येईल, पण खरंच तेच आहे.) २०१० साली तिथंच 'डॉक' पहिला आला. हा डॉक म्हणजे वेडचाच क्लोन, त्याच्या पेशीपासून घडवलेली नक्कल.

ही विद्या आपल्या देशातही आली आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीचं क्लोन रेडकू जन्मलं आणि १६ मार्च २०२३ रोजी 'गंगा' ही गीर कालवड. गीर गाईची पेशी, केंद्रक काढून टाकलेलं साहिवाल गाईचं बीजांड आणि गर्भ वाढवायला संकरित गाईची कूस. आया तीन, बाप कुणीच नाही! चांगल्या दुधाच्या देशी गाई वाढाव्यात, हा तिथला हेतू मला पटतो.

बक्षिसासाठी केलेली नक्कल मात्र पटत नाही. २७७ बीजांडांवर प्रयोग झाले, तेव्हा १९९६ मध्ये एक डॉली मेंढी जन्मली. या कामात गर्भ गळतात, वासरं पोटात अवाजवी मोठी होतात. सोसते ती कूस देणारी गाय, आणि ढाल जाते मालकाच्या घरी. शिवाय सगळ्यांनी एकाच विजेत्याच्या नकला पाळल्या तर? २०२२ च्या लम्पीत काही जनावरं गेली, काही तगली. सगळ्यांचं रक्त एकच असतं, तर काय झालं असतं?

आणि नक्कल तरी पुरी कुठं होते? टेक्सासमध्ये 'चान्स' नावाचा बैल इतका गरीब, की पोरंटोरं त्याच्याजवळ बिनधास्त जायची. १९९९ साली त्याचा क्लोन जन्मला. त्यानं पुढं मालकालाच शिंगावर घेतलं.

माझे अब्बा बाजारात नालबंद होते. एकाच वळूचे दोन बैल पुढ्यात आले, तरी प्रत्येकाचा खूर हातात घेऊन बघायचे, मगच पत्री ठोकायचे. मालक घाई करायचा, "चाचा, दोन्ही सारखेच आहेत की."

अब्बा मान वर न करता म्हणायचे, "उभे आहेत तोवर. जरा चालवून दाखव."